चाकावरच्या घराची नळयोजना

सासूबाईंच्या डोळ्यात पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून मी त्यांना तीनशे लिटर पाण्यासोबत एका गाडीत झोपवलं.

हे वाचून माझ्याविषयी तुमचं जे मत होईल ते माझ्या बायकोचं आधीच झालेलं आहे, त्यामुळे मला त्याचं काही वाटणार नाही. पण गाडी कसली होती आणि तिच्यात एवढं पाणी का होतं, एवढं तरी ऐकून घ्या.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. बारामतीच्या आसपास जो तो शेतात ठिबकच्या नळ्या अंथरत होता आणि माझं त्या नळ्यांचंच दुकान होतं. एकदा एक परदेशी पाहुणा काटेवाडीकडचे मळे बघायला आला. दुकानात चहा पिताना त्यानं पाकिटातून एक फोटो काढून मोठ्या प्रेमानं माझ्यापुढे धरला. मला वाटलं, बायकोपोरांचा असेल. तर तो त्याच्या गाडीचा! आत पलंग, ओटा, बेसिन, आंघोळीची मोरी, सगळं. सुट्टी लागली की हा गृहस्थ घर घेऊनच गावाला निघायचा. नळ सोडला की पाणी, आणि तेही गाळलेलं!

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. पुढाऱ्याचा फोटो बघून एखाद्याला निवडणुकीला उभं राहावंसं वाटतं, तसं मला वाटू लागलं. एका शाळेनं भंगारात काढलेली मिनीबस मी दारात आणून उभी केली, बाकडी उपटली, आत एक फळीचा पलंग बसवला, पुढे ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटा ओटा केला आणि त्यावर चकचकीत नळ लावला.

"अहो, नळ लावला, पण पाणी कुठनं येणार?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"टपावरच्या टाकीतनं."

मी टपावर टाकी चढवली आणि गल्लीतल्या चार लोकांसमोर नळ सोडला. पाणी आलं. म्हणजे, येत होतं. तांब्या भरेपर्यंत चारातले तीन लोक घरी जाऊन चहा पिऊन परत आले.

"यापेक्षा माझ्या डोळ्यांतनं जास्त येतं," सुनंदा म्हणाली.

हे मला लागलं. दाब हा माझा धंदा होता! टाकी नळाच्या जेमतेम हातभर वर, तर दाब येणार कुठून? मग मी तो नाद सोडून भंगारवाल्याकडून जाड पत्र्याची एक बंद टाकी मिळवली आणि गाडीच्या मागच्या टोकाला पक्की केली. तिच्यात पाणी भरायचं, वरची जागा रिकामी ठेवायची आणि त्या जागेत पंक्चरवाल्याकडून हवा भरून घ्यायची. हवा पाण्याला दाबते, पाणी नळीतून पळत सुटतं. मागच्या टाकीपासून नळी छताला धरून सरळ पुढे आणली, ओट्याच्या बाजूला वाळू-कोळशाचा फिल्टर बसवला आणि तिथून नळाला जोड दिला. टाकीवर दाब दाखवणारं गोल घड्याळ लावलं. दाब फार वाढला तर आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही लावला, आणि तो सगळ्यांच्या नजरेत भरावा म्हणून त्याला लाल ऑइलपेंटचे तीन हात दिले. (रंग सुकला की तो व्हॉल्व्ह जन्मात उघडणार नाही, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो.)

या वेळी नळातून असं पाणी आलं की समोर उभ्या असलेल्या सुनंदाचा पदर भिजला. माझी छाती फुगली. फक्त ही नळयोजना घेऊन लांबचा प्रवास करायची संधी तेवढी मिळत नव्हती.

ती सासूबाईंच्या मोतीबिंदूनं दिली.

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यातली, निमगावच्या अलीकडं मळ्यात. सासरे म्हणजे तात्या. दोडका आणि टोमॅटो पिकवणारे, बोलायला अत्यंत काटकसरी. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामींचा एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. सगळा संसार त्यांनी दुसऱ्या डोळ्यावर केला, आणि आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. बारामतीत ऑपरेशन झालं, टाके पडले, वर जाडजूड पट्टी बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर उभं केलं.

"यांना हा एकच डोळा आहे, माहीत आहे ना? मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, दचकायचं नाही, हसायचं नाही. उताणं झोपवून न्या. आणि पाणी! पाण्याचा थेंब लागता कामा नये. त्यातून घाण आत गेली तर मी काही करू शकणार नाही."

आम्ही तिघांनीही माना हलवल्या. मामींनी हलवली नाही.

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "ताईच्या मिस्टरांची मोटार मागवू या का?"

ताईचे मिस्टर म्हणजे माझे साडू. त्यांच्या मोटारीची स्तुती मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो होतो.

"मोटारीत माणूस उताणं झोपतं का?" मी म्हणालो. "आपल्या गाडीत पलंग आहे! प्यायला गाळलेलं पाणी आहे! राजासारखं जाऊ!"

तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितले, आत डोकावले, छताजवळच्या नळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"पाव्हणं, ही नळी हिच्या बराबर डोस्क्यावरनं गेलीया."

"नळी एक नंबरची आहे तात्या. जमिनीवरून नेली तर पायात येते."

"आन् पानी?"

"कालच भरलंय. कालव्याचं."

झालं होतं असं, की आदल्या दिवशी नळाला पाणी आलंच नाही. पण कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, आणि फिल्टर असताना आपण कशाला घाबरायचं? पाणी गढूळ होतं, त्यात हिरवं शेवाळ होतं, पण तेवढ्यासाठीच तर फिल्टर केला होता! फिल्टर रोज धुवा, असं मी शेतकऱ्यांना घसा बसेपर्यंत सांगायचो. स्वतःचा धुवायचं राहून गेलं होतं. दुसऱ्याला सांगण्यात वेळ किती जातो!

मामींना दोघा वॉर्डबॉयनी अलगद पलंगावर ठेवलं. उशाला सुनंदा, पायथ्याला तात्या, मी स्टिअरिंगवर. निघालो.

काटेवाडीपर्यंत सगळं उत्तम. मी इतक्या हळू चालवत होतो की सायकलवाले मागे वळून बघत होते. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "आईच्या गोळीची वेळ झाली. पाणी घेते."

मी आरशात बघत राहिलो. हाच तो क्षण! तिनं नळ सोडला.

"फुस्स" असा आवाज आला. मग तीन थेंब. मग काही नाही.

"अहो, नळाला पाणी नाही."

"असं कसं? तीनशे लिटर आहे!"

"टाकीत असेल. नळाला नाही."

पायथ्याशी बसलेल्या तात्यांनी घसा खाकरला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, असं आता वाटतं. पण ते बोलले नाहीत आणि आपली घोंगडी मांडीखाली नीट सारून बसले.

गाडी थांबवून मी बघितलं. शेवाळानं फिल्टर तुंबला होता. आता या ठिकाणी दोन मार्ग होते. एक, फिल्टर उघडून धुणे. दुसरा, मागून दाब वाढवून पाणी ढकलणे. पहिला मार्ग मी गिऱ्हाइकांना सांगतो. पण फिल्टर उघडायचा म्हणजे चिखल, आणि सासऱ्यांच्या देखत जावयानं हात चिखलात घालणं मला बरं दिसेना. भवानीनगरला पंक्चरचं दुकान दिसताच मी गाडीचं मागचं टोक दुकानाला लावलं.

"हवा भरायची."

पंक्चरवाला टायर शोधू लागला.

"टायरमध्ये नाही. टाकीत."

"कशाच्या?"

"पाण्याच्या."

त्याला नवल वाटलं. चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. आणि मग, काय सांगू, माझ्यातला दुकानदार जागा झाला! पाण्याला दाब कसा द्यायचा, हवा कशी काम करते, परदेशात लोक कसे राहतात, हे मी त्यांना हातवारे करून समजावायला लागलो. मागून पंक्चरवाला मधूनमधून विचारत होता, "बास का, मालक?" आणि मी बोलता बोलता हातानं खूण करत होतो. माझी खूण "थांब, सांगतो" अशी होती. त्याला ती "भर, भर" अशी वाटली.

बोलणं संपलं तेव्हा कंप्रेसर धापा टाकत होता. मी टाकीवरचं घड्याळ बघितलं. काटा शून्याच्या खिळीला टेकलेला!

"अरे, काहीच भरली नाही की!"

"लई भरली, मालक."

"कुठं? हा काटा बघ!"

(त्या घड्याळात शून्याची खिळी आणि शेवटची खिळी एकमेकींना खेटून असतात. काटा पूर्ण फेरा मारून पलीकडच्या खिळीवर जाऊन बसला होता. हे ज्ञान मला तासाभरानं व्हायचं होतं.)

नळ अजूनही कोरडाच होता. "घड्याळ बिघडलं असेल, रस्त्यात पाणी सुरू होईल," असं म्हणून मी गाडी काढली. मामींनी गोळी तशीच कोरडी गिळली, आणि कुठं ठसका लागतो का म्हणून आम्ही तिघं श्वास धरून बसलो. ठसका लागला नाही. सुनंदानं आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी आरसा थोडा वर फिरवला.

सणसर सोडलं आणि ऊस लागला. कारखान्याचा हंगाम. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या पुढे बैलगाड्या, मागे आणखी एक ट्रॅक्टर, एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला शेतात पाणी नेणारी चारी. मुंगीच्या पावलांनी चाललो होतो. गाडी खड्ड्यात गेली की पाठीमागे टाकी "डम्म" करायची.

आणि मग मला तो आवाज आला. "स्स्स्स्स."

आधी वाटलं, टायर. मग आरसा खाली केला. छताजवळच्या नळीच्या एका सांध्यातून दोऱ्याएवढी धार उडत होती. ती छतावर आपटत होती आणि तिथून हिरवट थेंब पलंगाच्या पायथ्याशी, मामींच्या पावलांवर पडत होते.

सुनंदानं तोंडावर हात दाबला. ओरडायचं नाही! आई दचकेल! तात्या उठले, क्षणभर त्या धारेकडे बघितलं आणि आपली काळी छत्री उघडून गाडीत उभे राहिले.

मामींना काहीच दिसत नव्हतं. एक डोळा नाही, दुसऱ्यावर पट्टी.

"सुनंदे," त्या शांतपणे म्हणाल्या, "पाऊस लागलाय का गं?"

"न... नाही आई."

"मग पायाला गार कशानं लागतंय?"

"दव पडलंय," तात्या म्हणाले.

"दुपारचं?"

तात्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात ते एवढं खोटं प्रथमच बोलले असावेत.

"आन् ह्यो फुसफुस आवाज कसला?"

"पुढं उसाची ट्रॉली आहे मामी," मी पुढून ओरडलो. "पाचट रस्त्याला घासतंय!"

"ओरडू नका!" सुनंदा माझ्यावर कुजबुजत ओरडली. (हे फक्त बायकांना जमतं.)

एवढ्यात दुसरा सांधा गेला. तो मामींच्या गुडघ्यांवर. मग मला दिसलं की नळीवर एकूण चार सांधे आहेत आणि ते एकामागून एक उशाकडे येत आहेत. चौथा सांधा बरोबर मामींच्या पट्टीच्या वर! आणि हे फिल्टरच्या अलीकडचं पाणी होतं; न गाळलेलं, कालव्याचं, शेवाळाचं.  डॉक्टरांचं "मी काही करू शकणार नाही" कानात वाजायला लागलं. आयुष्यभर एका डोळ्यावर चाललेली ती बाई, आणि तो डोळा मी माझ्या हौसेखाली झोपवला होता!

सुनंदानं ओट्याखालची परात ओढली आणि आईच्या चेहऱ्यावर आडवी धरली. तात्या छत्री घेऊन एकेक पाऊल उशाकडे सरकू लागले. थेंब परातीवर वाजायला लागले. टण्. टण् टण्.

"आता ह्ये काय वाजतंय?"

"बैलाच्या गळ्यातली घंटा," तात्या म्हणाले. त्यांना आता सराव होत चालला होता.

"थांबवा की गाडी!" सुनंदा दात आवळून म्हणाली.

"कुठं थांबवू? इकडं कालवा, तिकडं चारी!"

मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. पुढचा बिडी पेटवून निवांत चालला होता. मामी पुटपुटायला लागल्या, "बुद्धं सरणं गच्छामि..." आणि छत्री धरून उभे असलेले तात्या, परात धरून वाकलेली सुनंदा आणि स्टिअरिंग आवळून बसलेला मी, तिघंही नकळत त्यांच्या पाठोपाठ म्हणू लागलो. तिसरा सांधा "धम्मं सरणं"च्या वेळी गेला.

अखेर लासुर्णे मागे पडल्यावर एका वस्तीपुढे मोकळी जागा दिसली. मी गाडी आत घातली, उडी मारून मागे धावलो. आता मामींना कसंही करून बाहेर काढायचं होतं, पण मान न हलवता. पलंगाची फळी सुटी होती, एवढी एक अक्कल मी गाडी बांधताना वापरली होती. फळी पुढून मी धरली, मागून तात्यांनी. सुनंदा बाजूनं छत्री धरून चालत होती. एक एक पाऊल.  आम्ही दारातून बाहेर पडलो आणि मागे गाडीत चौथ्या सांध्याचा "फट्" असा आवाज झाला. रिकाम्या उशीवर हिरवं पाणी कोसळलं.

मामी बचावल्या होत्या. 

वस्तीवरची माणसं हातातली कामं टाकून आली. फळीवर उताणी, पांढऱ्या पट्टीची, निश्चल बाई. दोन पुरुष खांदे पाडून चाललेले. बरोबर रडवेली लेक. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लई वाईट झालं," तो तात्यांना म्हणाला. "कवा गेल्या?"

"कुठं जाऊ?" फळीवरून मामी म्हणाल्या. "निमगावला निघालीया!"

म्हातारा तीन पावलं मागे उडाला. मामींच्या पोटात हसू गदगदायला लागलं, फळी हलायला लागली.

"आई, हसू नको! डॉक्टर!" सुनंदानं आईचे दोन्ही हात घट्ट धरले. मामींनी ओठ आवळले, नाकानं एकदोन लांब श्वास घेतले आणि हसू गिळलं. त्या बाईंच्या संयमाला माझा दंडवत. मी एवढं मोठं हसू गिळू शकलो नसतो.

लोकांनी लिंबाखाली बाज आणून टाकली. फळी तिच्यावर ठेवली. सुनंदानं पट्टी चाचपून बघितली, सगळ्या कडा कोरड्या. तात्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हाताऱ्याला उशिरानं जयभीम घातला.

इथं मी स्वस्थ बसलो असतो तर ही आठवण इथंच संपली असती.

पण मला वाटलं, इतक्या लोकांसमोर आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे. निदान तो फिल्टर तरी धुवावा! मी गाडीत शिरलो. घड्याळाचा काटा शून्याच्या खिळीवर होता. चौथ्या सांध्याची धार आता बारीक झाली होती. (त्यात शेवाळाचा गोळा अडकला होता, हे नंतर कळलं.) म्हणजे दाब संपला, उरलंसुरलं पाणी ठिबकतंय, असा मी निष्कर्ष काढला. दाब हा माझा धंदा होता!

मी फिल्टरसमोर गुडघ्यांवर बसलो, तोंड झाकणाजवळ नेलं आणि क्लॅम्प सोडला.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. तोफेसारखा आवाज झाला. झाकण छताला लागून खिडकीतून बाहेर गेलं आणि मळ्यातल्या एका म्हशीजवळ पडलं. वाळू, कोळसा, शेवाळ आणि उरलेलं सगळं पाणी एका दमात माझ्या तोंडावर आलं आणि मी पाठीवर घसरत गाडीच्या दारातून बाहेर पडून लोकांच्या पायांत जाऊन थांबलो.

लिंबाखालून मामींचा आवाज आला, "टायर फुटला व्हय?"

"टायर न्हाय," तात्या म्हणाले. "पाव्हणं."

मला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत वाळू आणि कोळसा. उघडावे तर आग, मिटावे तर त्याहून आग. "पाणी! स्वच्छ पाणी आणा! डोळे धुवायचेत!" मी ओरडलो.

सुनंदा गाडीत धावली. तीनशे लिटरमधलं वाटीभरही पाणी शिल्लक नव्हतं. वस्तीच्या हौदात कालव्याचंच पाणी. आणि तेव्हा माझ्या हाताला काहीतरी थंडगार लागलं. पितळेचा फिरकीचा तांब्या!

"आमच्या हिरीचं हाय," तात्यांचा आवाज आला. "घोंगडीखाली ठिवला हुता."

"तात्या!" सुनंदा म्हणाली. "मग आईच्या गोळीच्या वेळी का नाही काढला?"

तात्यांनी तांब्याची फिरकी उघडल्याचा आवाज आला. "पाव्हण्यांनी हौसंनं नळ केलावता. म्हनलं, त्यांना वाईट वाटंल."

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तांब्या काढला नाही. त्यामुळे मी हवा भरली! त्यांच्या सभ्यपणाला काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही. डोळे त्यांनीच धुतले, रोपाला पाणी घालावं तसं हळूहळू. पण आग कमी होईना. परत बारामती गाठणं भाग होतं. आणि गाडी चालवणारा आंधळा झाला होता.

"मी चालवतो," तात्या म्हणाले.

"तुम्हाला येते?" मी विचारलं.

"टॅक्टर येतो."

पलंगाच्या जागी मामींची फळी, खाली जमिनीवर मी. तात्यांनी दुसरा गिअर टाकला आणि बारामती येईपर्यंत तो सोडला नाही. वळण आलं की ते नांगर फिरवल्यासारखी गाडी फिरवायचे. मी काही बघू शकत नव्हतो, नुसता ऐकत होतो. इंजिन रडत होतं, ट्रॅक्टरवाले शिव्या देत होते, सुनंदा "तात्या, कालवा! तात्या, बैल!" असं ओरडत होती. आणि मी, माझे डोळे कायमचे गेले तर, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतो.

फळीवरून एक खरखरीत हात खाली आला आणि माझा हात शोधून त्यानं घट्ट धरला.

"घाबरू नगा, पाव्हणं," मामी म्हणाल्या. "मला सवय हाय. दिसत नसलं की पडून ऱ्हायचं. बाकीची बघून घेत्यात."

मी तो हात दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी आधी मामींना तपासलं. पट्टी कोरडी, टाके जागच्या जागी. मग त्यांनी माझ्या पापण्या उलटून आतली वाळू काढली आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"पाणी शुद्ध करताना," सुनंदा म्हणाली.

बुबुळांना खरचटलं होतं. माझ्याही दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बसल्या. निमगावला आम्हाला शेवटी साडूंच्या मोटारीनंच नेलं आणि साडूंनी वाटेत, मला दिसत नाही म्हणून, मोटारीची एकेक सोय वर्णन करून सांगितली. पुढचे दिवस मी आणि मामी मळ्यात शेजारी शेजारी बाजेवर. सुनंदा दोघांच्या तोंडात औषधं घालायची आणि तात्या टोमॅटोच्या वाफ्यावरून येता-जाता आम्ही दोघं जागेवर आहोत ना, एवढं बघून जायचे.

मग तपासणीसाठी पुन्हा बारामती. माझी एक पट्टी निघाली होती, एक बाकी होती. मामींची सोडायची होती. डॉक्टर हळूहळू पट्टी उलगडत होते. सुनंदानं माझा दंड इतका दाबला की वळ उठले. वर्षानुवर्षं त्या डोळ्यापुढे धुकं होतं. आता काय असेल?

मामींनी डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. आधी सुनंदाकडे बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "वाळलीस गं," त्या म्हणाल्या. सुनंदा ढसाढसा रडायला लागली. तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझा उघडा डोळाही भरून आला. दिसत होतं! सगळं दिसत होतं!

मग मामी माझ्याकडे वळल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. जवळ येऊन बघितलं. आमच्या लग्नाच्या वेळी मला पसंत केलं होतं ते त्यांनीच; "नाकीडोळी किती नीटस पोरगा हाय!" म्हणून अख्ख्या भावकीला त्यांनीच पटवलं होतं, असं मी ऐकून होतो.

"सुनंदे," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्हंजी मोतीबिंदू मला तवापासनंच हुता म्हनायचा!"

भिंतीकडे तोंड करून उभे असलेले तात्या वळलेसुद्धा नाहीत. "मला तवा बी नीट दिसत हुतं," ते म्हणाले. "पन माजं ऐकतंय कोन?"

डॉक्टर माझी उरलेली पट्टी सोडायला पुढे आले. मी त्यांना म्हणालो, "राहू द्या. आणि निघालेली ती दुसरी पण परत बांधा."